मला फोटो दिसतो, व्यापाऱ्याला तुटका चौकोन: वेबमेलमधलं एचटीएमएल आणि मजकुरातली चित्रं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका कंपनीचा वेबमेल तुम्ही सांभाळता. तो आधीच्या माणसाने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे आणि फक्त साधा मजकूर पाठवतो. रोज संध्याकाळी नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या मालाच्या प्रकारांच्या भावांचा तक्ता, सोबत भरायच्या मालाचे फोटो, असे दिल्ली-पंजाबकडच्या व्यापाऱ्यांना जातात. साध्या मजकुरात तक्त्याचे रकाने सरकतात आणि फोटो खाली अटॅचमेंटमध्ये जाऊन पडतात, म्हणून तुम्ही एक तयार एडिटर बसवला. आता तुमच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं, पण समोरच्याला फोटोच्या ठिकाणी तुटका चौकोन. काय चुकतंय आणि हे पूर्ण व्हायला अजून किती काम आहे, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, चौकोनाचं कारण आज संध्याकाळपर्यंत सापडेल. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मात्र लांब आहे. मी जळगावात पतसंस्था, डाळ मिल, महाविद्यालयं अशा ठिकाणचे मेल सर्व्हर बघतो आणि हाच प्रश्न माझ्याकडे नेहमी अर्धाच येतो: 'एडिटर बसवला, आता काय राहिलं?' एडिटर हा या कामातला सगळ्यात छोटा तुकडा आहे. लिहिलेलं नीट बांधून पाठवणं हे दुसरं काम. बाहेरून आलेलं एचटीएमएल (तक्ता, चित्रं, ठळक अक्षरं मांडायची टॅगची भाषा) तुमच्या माणसांना सुरक्षितपणे दाखवणं आणि त्याला उत्तर देता येणं हे तिसरं, आणि वेळ व धोका दोन्ही तिथेच आहेत. तुमच्या प्रश्नात या तिसऱ्या कामाचा उल्लेखच नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितोय.

आधी चौकोन. असा एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा, तिथे 'शो ओरिजिनल' उघडा आणि इमेज टॅगमधला पत्ता कशाने सुरू होतो ते बघा. मजकूर बेस६४मध्ये (कुठलीही माहिती साध्या इंग्रजी अक्षरांत बदलून लिहायची पद्धत) असेल तर तो तसाच वाचता येणार नाही. मग पाठवण्याच्या आधीचं एचटीएमएल सर्व्हरवर एका फाईलमध्ये उतरवून घ्या आणि ते वाचा. तिथे तीनपैकी एक गोष्ट सापडेल.

पहिली शक्यता: पत्ता तुमच्याच सर्व्हरचा आहे. एडिटरने फोटो अपलोड फोल्डरमध्ये ठेवला आणि त्याची लिंक टाकली, पण ते फोल्डर लॉगिनच्या आत आहे. तुमच्या ब्राउझरकडे लॉगिनची कुकी, म्हणजे ओळख पटवणारी छोटी नोंद, आहे म्हणून तुम्हाला फोटो दिसतो, व्यापाऱ्याकडे ती नाही. तुमच्या वर्णनावरून मला याचीच शक्यता जास्त वाटते. दुसरी शक्यता: पत्ता 'डेटा:' ने सुरू होतो, म्हणजे आख्खा फोटो अक्षरांच्या रूपात टॅगमध्येच कोंबलेला आहे. ब्राउझरला हे चालतं, पण जीमेल आणि डेस्कटॉपवरचं जुनं आउटलुक अशी चित्रं दाखवत नाहीत. तिसरी शक्यता: पत्ता 'ब्लॉब:' ने सुरू होतो. तो पत्ता फक्त तुमच्या ब्राउझरच्या त्या उघड्या पानापुरताच जिवंत असतो. काही एडिटर लिहिताना आतल्या आत ब्लॉब वापरतात आणि मजकूर मागितला की त्याचं रूपांतर करून देतात. तुम्ही एडिटरला मजकूर न मागता पानावरून थेट उचलला असेल, तर ब्लॉब तसाच बाहेर जातो.

तिन्हींवर उपाय एकच: चित्र मेलच्या आत एक वेगळा भाग म्हणून ठेवायचं, त्याला ओळखक्रमांक द्यायचा आणि मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख करायचा. ही सोय जुनी आहे. ईमेलचं १९८२ सालचं जुनं मानक, आरएफसी ८२२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), फक्त साध्या इंग्रजी अक्षरांचा विचार करून लिहिलेलं होतं. १९९२ मध्ये माइम (एका मेलमध्ये वेगवेगळ्या प्रकारचे भाग ठेवायचं मानक) आलं, १९९६ मध्ये ते आरएफसी २०४५ ते २०४९ मध्ये सुधारून मांडलं गेलं, आणि १९९८ मध्ये आरएफसी २३८७ व २३९२ ने मजकुरातल्या चित्रांची गाठ पक्की बांधून दिली. तुम्हाला त्याच चाकोरीतून जायचंय, नवीन काही शोधायची गरज नाही.

बांधणी डब्यात डबा अशी असते. सगळ्यात बाहेर 'मल्टिपार्ट/मिक्स्ड'. त्यात पहिला डबा 'मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह' आणि त्याच्यानंतर खऱ्या अटॅचमेंट, म्हणजे तुमची बिलाची पीडीएफ वगैरे. अल्टरनेटिव्हच्या आत आधी साधा मजकूर आणि त्यानंतर 'मल्टिपार्ट/रिलेटेड'. रिलेटेडच्या आत आधी एचटीएमएल आणि मग त्यात वापरलेली चित्रं. अल्टरनेटिव्हमधला क्रम महत्त्वाचा आहे. जो भाग सगळ्यात शेवटी, तो सगळ्यात चांगला, असा नियम आहे. साधा मजकूर चुकून शेवटी टाकलात तर नियम पाळणारा मेल प्रोग्राम तोच दाखवेल आणि तुमचा तक्ता कोणाला दिसणारच नाही.

प्रत्येक चित्राच्या भागाला 'कंटेंट-आयडी' द्यायचा. तो हेडरमध्ये (त्या भागाच्या वरच्या माहितीच्या ओळींत) कोनी कंसात लिहितात. एचटीएमएलमध्ये 'सीआयडी:' च्या पुढे तोच लिहायचा, पण कंस काढून. कंस तसेच राहिले की पुन्हा चौकोन. शिवाय 'कंटेंट-डिस्पोझिशन' (चित्र मजकुरात दाखवायचं की अटॅचमेंट म्हणून, हे सांगणारी ओळ) इनलाइन ठेवा आणि फाईलला नाव द्याच.

आयडी 'इमेज१', 'इमेज२' असे साधे ठेवू नका. आयडी जगात एकमेव असावा असं मानक सांगतं, आणि त्याला व्यवहारातलं कारण आहे. कालच्या मेलमध्ये 'इमेज१' हा एका शेतकऱ्याच्या घडाचा फोटो होता, आजच्या मेलमध्ये 'इमेज१' दुसऱ्याच्या. व्यापाऱ्याने आजच्या मेलमध्ये कालचा मजकूर खाली जोडून उत्तर दिलं की एकाच मेलमध्ये दोन 'इमेज१' येतात, आणि एकाचा माल दुसऱ्याच्या नावाखाली दिसू शकतो. भाव मालावर ठरतो, त्यामुळे ही गंभीर गोष्ट आहे. लांब यादृच्छिक आकडा आणि पुढे तुमचं डोमेन, असा आयडी करा.

हे सगळं हाताने जोडत बसू नका. पीएचपीत पीएचपीमेलर ही लायब्ररी चित्र मजकुरात बसवण्याची सोय देते. नोडमध्ये नोडमेलर आहे, पायथॉनच्या ईमेल मॉड्यूलमध्ये तर ही सोय मुळातच आहे. सीमारेषा, ओळींची लांबी, एन्कोडिंग हे त्यांनी सोडवून ठेवलेलं असतं.

तरी एन्कोडिंगचं थोडं समजून घ्या, कारण मराठीला ते जास्त जाचतं. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये अशी मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३३२ चिन्हांतच ही मर्यादा संपते. काना-मात्राही वेगळ्या चिन्हात मोजल्या जातात हे लक्षात घ्या. एडिटर बहुतेक वेळा आख्खं एचटीएमएल एकाच ओळीत देतो. ते तसंच सोडलं तर वाटेतला एखादा सर्व्हर ओळ मध्येच तोडतो, आणि तोड नेमकी एखाद्या अक्षराच्या पोटात पडली की तिथे प्रश्नचिन्हाचे काळे चौकट दिसतात. कधी टॅगच तुटतो आणि तक्ता विस्कटतो. म्हणून एन्कोड करूनच पाठवायचं. 'कोटेड-प्रिंटेबल' इंग्रजीसाठी छान, पण त्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट तीन अक्षरांचा होतो, म्हणजे एका चिन्हाला ९. बेस६४ मध्ये तेच ४ मध्ये भागतं. मराठी-हिंदी मजकुरासाठी मी बेस६४च ठेवतो. एकच अडचण, मूळ मेल डोळ्यांनी वाचता येत नाही. ती मी पत्करतो.

आता फोटो. शेतात मोबाईलवर काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. बेस६४ केल्यावर तो साडेपाचच्या आसपास जातो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये संदेशाची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे असे दोन फोटोसुद्धा मावत नाहीत. त्याआधी पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरची १ एमबी आडवी येते. फोटो चढवताना कधी चढतो, कधी 'एरर' येते, असं तुमच्याकडे होत असेल तर शेवटच्या या दोन जागा बघा. पण मर्यादा वाढवत नेणं हा उपाय नाही. व्यापारी पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडईत मोबाईलवर मेल उघडतो. त्याला घडाची फणी, रंग आणि डाग दिसले पाहिजेत, त्याला १२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. सर्व्हरवरच लहान करून जेपेगमध्ये साठवा, दोन-तीनशे केबीत चांगलं चित्र बसतं. आयफोनवरून येणारा हेइक हा प्रकार पण जेपेगमध्येच बदला.

लहान करताना दोन गोष्टी पाहा. मोबाईल फोटो कुठल्या दिशेने धरला होता याची नोंद फोटोच्या आत असते. आधी त्या नोंदीप्रमाणे चित्र फिरवून घ्या आणि मगच नोंद पुसा, नाहीतर घड आडवा दिसेल. आणि पुसाच, कारण त्याच नोंदींमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. शेतकऱ्याच्या बागेचा नेमका ठावठिकाणा त्याला न विचारता पंचवीस व्यापाऱ्यांना कळवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोटो सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवून नुसती लिंक का नको? हे परिस्थितीवर आहे. हजारो लोकांना जाणारं माहितीपत्रक असेल तर लिंकच बरी, मेल हलका राहतो. जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून आपोआप दाखवतं. आउटलुक मात्र बाहेरची चित्रं सहसा अडवून ठेवतं आणि वाचणाऱ्याला बटण दाबावं लागतं. तुमच्याकडे घेणारे मोजके आहेत आणि फोटो हा मालाचा पुरावा आहे. उद्या भावावरून वाद झाला तर त्या दिवशीचा फोटो मेलमध्येच असला पाहिजे. लिंकमागचं चित्र बदलता येतं, पुसता येतं, सर्व्हर बदलला की हरवतं. म्हणून तुमच्यासाठी मजकुरात बसवलेलं चित्रच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्त्याचं सोपं आहे, फक्त आजच्या वेबसाइटसारखं लिहायचं नाही. विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं (क्लासिक) डेस्कटॉप आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय आणि जुन्या आवृत्त्या आपल्याकडच्या आडत दुकानांत अजून आहेत. तिथे फ्लेक्स, ग्रिड या वेबपानाच्या मांडणीच्या नव्या पद्धती चालत नाहीत. सरळ टेबल टॅग घ्या, प्रत्येक रकान्याची शैली त्या टॅगमध्येच लिहा, एकूण रुंदी ६०० पिक्सेलच्या आत ठेवा. भावाचा तक्ता चित्र म्हणून पाठवायचा मोह टाळा. अनेक जण एक्सेलचा स्क्रीनशॉट चिकटवतात. त्यातला आकडा शोधता येत नाही, उचलून हिशोबात टाकता येत नाही, चित्रं बंद असली तर भावच दिसत नाही, आणि नुसतं चित्र असलेल्या मेलवर स्पॅम गाळणी जास्त संशय घेते.

साध्या मजकुराचा भाग रिकामा किंवा 'हा मेल एचटीएमएलमध्ये पाहा' असा ठेवू नका. टॅग काढून टाकून उरलेला मजकूर तसाच दिला तर तक्त्यातले सगळे आकडे एका ओळीत चिकटतात. प्रत्येक ओळीसाठी 'रावेर, नवती, भाव अमुक' असं वाक्य तयार करा आणि फोटोच्या जागी त्याचं वर्णन घाला. हेच वर्णन इमेज टॅगच्या 'ऑल्ट'मध्येही जाऊ द्या.

एक अडचण खास आपल्या कार्यालयांची आहे. जुनी पत्रं, ठराव, परिपत्रकं अजून श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. वर्डमध्ये ती मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, मराठी रूप फक्त फॉन्टमुळे येतं. साध्या मजकुराच्या वेबमेलमध्ये असं काही चिकटवलं की लगेच कळायचं, कारण समोर कचरा दिसायचा. एचटीएमएल एडिटरमध्ये फॉन्टचं नाव सोबत येतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला ते व्यवस्थित दिसतं आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्यालाच कचरा मिळतो. चिकटवताना फॉन्टचं नाव तपासा. जुन्या फॉन्टच्या यादीतलं असेल तर तिथेच सूचना द्या की हा मजकूर आधी युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरपद्धती) बदला. वर्डमधून येणारा बाकीचा पसाराही चिकटवतानाच काढा. ठळक, तिरकं, यादी, तक्ता, लिंक एवढं राहिलं की पुरे.

इथपर्यंत पाठवण्याचं झालं. आता येणाऱ्या मेलचं बोलू.

तुमचा वेबमेल आजवर येणारं एचटीएमएल दाखवत नव्हता. ज्या दिवशी दाखवायला लागेल त्या दिवसापासून कुणीही अनोळखी माणूस स्वतः लिहिलेलं पान तुमच्या लॉगिन केलेल्या खिडकीत उघडू शकतो. त्यात स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) असली आणि ती चालली, तर ती तुमच्या हिशोबनिसाच्या नावाने मेल वाचू शकते, पाठवू शकते. हे नुसतं पुस्तकी भय नाही. जून २००६ मध्ये यामानर नावाचा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) याहू मेलमध्ये असाच पसरला. चित्राच्या टॅगला जोडलेल्या 'ऑनलोड'मधून त्याची स्क्रिप्ट चालायची, त्यासाठी मेल उघडणं पुरेसं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राउंडक्यूब या प्रसिद्ध मुक्त वेबमेलमध्ये एसव्हीजी (ज्याच्या आत कोडही असू शकतो अशा) चित्राच्या मार्गाने स्क्रिप्ट घुसवता येत असल्याचं उघड झालं, आणि तो दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेला होता. इतकी वर्षं अनेक जाणकार ज्यावर काम करतात तिथे फट राहते, तर एका माणसाने लिहिलेल्या, असा कोड काढून टाकणाऱ्या गाळणीत ती राहणारच असं धरून चला.

म्हणून गाळणी स्वतः लिहू नका. 'स्क्रिप्ट' हा शब्द शोधून काढून टाकणारी रेग्युलर एक्स्प्रेशन तर अजिबात नको. ब्राउझरच्या बाजूला डॉमप्युरिफाय, पीएचपीच्या बाजूला एचटीएमएल प्युरिफायर या तपासलेल्या लायब्ररी आहेत. दोन्हींची पद्धत एकच: काय चालेल त्याची यादी ठेवायची आणि यादीबाहेरचं सगळं टाकायचं. फॉर्म, आयफ्रेम, बेस, मेटा, एसव्हीजी, 'ऑन'ने सुरू होणारे सगळे गुणधर्म, 'जावास्क्रिप्ट:' पत्ते, हे यादीत येताच कामा नयेत.

गाळून झाल्यावरही ते एचटीएमएल तुमच्या पानात थेट ओतू नका. सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या बंदिस्त वेगळ्या चौकटीत, दाखवा आणि तिथे स्क्रिप्टला परवानगी देऊ नका. गाळणीतून काही निसटलं तर ही दुसरी भिंत. शिवाय बाहेरच्या मेलची शैली तुमच्या बटणांवर पसरत नाही आणि चौकटीबाहेर खोटी लॉगिन खिडकी रंगवता येत नाही. इथे एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगतो. मेलमधली 'सीआयडी' चित्रं दाखवायला तुम्ही त्यांचे पत्ते तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यांत बदलणार. पूर्ण बंद सँडबॉक्समधून त्या पत्त्यावर विनंती जाताना लॉगिनची कुकी सोबत न जाण्याची शक्यता असते, आणि मग पुन्हा तुटके चौकोन. अशा वेळी सँडबॉक्स सैल करू नका. चित्रांसाठी काही मिनिटं चालणारे, सही केलेले पत्ते तयार करा. त्या पत्त्यावरून फक्त जेपेग, पीएनजी, जिफ, वेबपी एवढंच चित्र म्हणून द्या, बाकी सगळं डाउनलोड म्हणून, आणि 'नोस्निफ' हेडर (ब्राउझरने फाईलचा प्रकार स्वतः ठरवू नये असं सांगणारा) लावा.

बाहेरच्या सर्व्हरवरची चित्रं आपोआप आणू नका. एका पिक्सेलचं अदृश्य चित्र टाकून मेल कधी उघडला, कोणत्या जोडणीवरून उघडला हे पाठवणाऱ्याला कळतं. मागणीनुसार दाखवा, 'या पाठवणाऱ्याची नेहमी दाखवा' असा पर्याय ठेवा.

अटॅचमेंटच्या यादीबद्दल एक नियम पाळा. मजकुरात दिसलेलं चित्र खाली यादीत पुन्हा दाखवायची गरज नाही, हे खरं. पण कंटेंट-आयडी आहे किंवा इनलाइन लिहिलंय, एवढ्यावरून काही लपवू नका. काही प्रोग्राम पीडीएफलाही आयडी लावतात आणि काही मोबाईल मेल ॲप फोटो इनलाइन म्हणतात पण मजकुरात त्याचा उल्लेख करत नाहीत. त्या आयडीचा एचटीएमएलमध्ये खरोखर उल्लेख सापडला तरच लपवा. नाहीतर व्यापाऱ्याने पाठवलेली पैशांची पावती कोणालाच दिसणार नाही आणि ती आलीच नाही असं सगळे समजतील.

आता उत्तर देणं, पुढे पाठवणं आणि मसुदा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात.

उत्तर देताना जुना मजकूर एडिटरमध्ये येतो. एडिटर सँडबॉक्समध्ये नसतो, तो तुमच्या मुख्य पानात असतो. म्हणजे वाचताना ज्या अनोळखी एचटीएमएलला तुम्ही दोन भिंतींआड ठेवलं, ते 'रिप्लाय' दाबताच थेट घरात येतं. त्यामुळे एडिटरमध्ये टाकण्याआधी पुन्हा गाळा, आणि या वेळी यादी आणखी आखूड ठेवा.

जुन्या मजकुरातली चित्रंही सोबत न्यावी लागतात. एडिटरमध्ये दाखवायला 'सीआयडी'चा पत्ता सर्व्हरच्या पत्त्यात बदलायचा, पाठवताना उलटा बदलायचा, आणि ते चित्र मूळ मेलमधून उचलून नव्या मेलच्या 'रिलेटेड' भागात ठेवायचं. कोणता पत्ता कोणत्या आयडीचा, याची नोंद सर्व्हरवर ठेवा. लिहिणाऱ्याने एडिटरमधून एखादं चित्र पुसलं तर पाठवताना तो भागही गाळा. पाठवायच्या क्षणी अंतिम एचटीएमएल वाचून त्यात जे आयडी आहेत तेवढेच भाग जोडायचे, हे सूत्र धरलं की बाकी प्रश्न सुटतात. मसुद्याचंही तसंच: साठवताना बांधायचं, उघडताना सोडवायचं. अर्धा लिहिलेला मसुदा दुसऱ्या दिवशी उघडला आणि फोटो गायब, असं होत असेल तर या दोन्हीपैकी एक बाजू राहिलेली असते.

या प्रवासात सहीतला लोगो फार त्रास देतो. वीस वेळा उत्तरं-प्रत्युत्तरं झाली की तोच लोगो वीसदा सोबत फिरतो. सही मजकुरातच ठेवा. लोगो हवाच असेल तर अगदी छोटा, आणि गडद पार्श्वभूमीवरही दिसेल असा घ्या. पारदर्शक पीएनजीमधली काळी अक्षरं मोबाईलच्या डार्क मोडमध्ये नाहीशी होतात.

हे वाचून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलंच असेल: काम बरंच आहे. आणि म्हणूनच विचारतो, स्वतःचा वेबमेल ठेवायलाच हवा का? तुमच्या मेल सर्व्हरवर आयमॅप (सर्व्हरवर ठेवलेले मेल वाचायची पद्धत) चालत असेल तर राउंडक्यूब त्याच्यावर बसतो. त्यात एडिटर, सीआयडीची ने-आण, मसुदे, गाळणी, बाहेरची चित्रं अडवणं हे सगळं आहे. एचटीएमएल लिहिणं नेहमी चालू ठेवायचं की फक्त तसा मेल आला तर, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. वर त्यातल्या दोषाचं उदाहरण दिलं तरी मी तोच सुचवतो, कारण तिथे दोष सापडला की दुरुस्ती निघते. अट एकच, दुरुस्ती आली की त्याच आठवड्यात बसवायची. तुमच्या वेबमेलला भावाची नोंदवही किंवा काट्याची पावती अशी काही जोडलेली असेल आणि ती सोडवता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग ती जोडणी बाजूला काढून फक्त रोजचा भावाचा मेल पीएचपीमेलरने तयार करून पाठवा आणि वाचणं, उत्तर देणं राउंडक्यूबवर न्या. तुमच्या जागी मी हाच मार्ग घेतला असता.

तरी स्वतःचाच वाढवायचा ठरला, तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा येणारं एचटीएमएल सुरक्षित दाखवणं. त्यानंतर तक्ता आणि साध्या मजकुराची जोडी पाठवणं. मग चित्रं, आणि शेवटी उत्तर व मसुद्यातली चित्रं. पाठवण्याची घाई असली तरी पहिला टप्पा मागे टाकू नका. तुमच्या सुंदर तक्त्याला उत्तर येईल ते एचटीएमएलमध्येच येईल आणि ते तुम्हाला उघडावंच लागेल.

तपासणी स्वतःच्या पडद्यावर संपवू नका. जीमेल ब्राउझरमध्ये, जीमेल मोबाईलवर, विंडोजवरचं डेस्कटॉप आउटलुक आणि एक आयफोन, एवढ्या ठिकाणी पाठवा. प्रत्येक ठिकाणाहून उत्तर द्या, ते तुमच्या वेबमेलमध्ये उघडा, त्याला पुन्हा उत्तर द्या आणि फोटो टिकतो का बघा. फोन आधी वायफायवरून काढा आणि वेबमेलमधून लॉगआउट व्हा, म्हणजे कुकीच्या जोरावर दिसणारं चित्र लगेच उघडं पडेल.

एवढं करूनही चौकोन राहिला तर इमेज टॅगची ती एक ओळ, त्या चित्राच्या भागाचे सगळे हेडर आणि बाहेरच्या मल्टिपार्टचा क्रम इथे टाका. मेलचे पत्ते, शेतकऱ्यांची नावं आणि भाव मात्र आधी पुसून घ्या.